सूर्याचा पहारा

सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांत औंध नांवाचें गांव आहे. गांवालगतच्या डोंगरावर यमाईचें मूळपीठ असून त्याच डोंगराच्या अंगावर १९३८ सालीं स्थापन झालेलें वस्तुसंग्रहालय आहे. आजचा प्रवासी देवीचें दर्शन घेतो, संग्रहालयांतील चित्रें पाहतो आणि परत फिरतो. परंतु १९४८ च्या मार्च महिन्यांत विलीन होईपर्यंत हें गांव एका संस्थानची राजधानी होतें. त्या संस्थानचे तुकडे आज सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. आटपाडी त्यांतलीच, आणि किर्लोस्करवाडीहि त्याच राज्यांत वसली. संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांचें नांव महाराष्ट्रांत दोन गोष्टींसाठीं घेतलें जातें. १९३९ सालीं नवी राज्यघटना देऊन त्यांनीं आपली सत्ता प्रजेच्या हातीं सोंपविली, ही एक. आणि सूर्यनमस्कारांचा त्यांनीं जन्मभर केलेला प्रसार, ही दुसरी. स्वतः ते नित्य नमस्कार घालीत. संस्थानच्या शाळांतून मुलामुलींकडून ते घालून घेत. आणि १९३८ सालीं त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनलाहि प्रसिद्ध झालें. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचें वेदाध्ययनाचें कार्यहि १९१८ पासून तीस वर्षें याच गांवीं चाललें. थोडक्यांत, सूर्याची उपासना जेथें राज्याचा नित्यक्रमच होऊन बसली होती, असें हें गांव.

या उपासनेच्या मुळाशीं असलेली कल्पना आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सूर्य हा दाता आहे. प्रकाश, ऊब, पाऊस, अन्न आणि आरोग्य हीं सर्व त्याच्यापासून मिळतात. हें खरेंच आहे, आणि विज्ञानानें तें अधिकच पक्कें केलें आहे. परंतु सूर्याचें एक दुसरेंहि काम आहे, आणि तें विसाव्या शतकापूर्वीं कोणासहि ठाऊक नव्हतें. सूर्य जसा देतो तसा तो अडवितोहि. ताऱ्यांच्या प्रदेशांतून आपल्या रोखानें जो अदृश्य वर्षाव अखंड चालू आहे, त्यावर सूर्याचा पहारा असतो. आणि हा पहारा कधीं कडक, कधीं ढिला होत असतो. हा पहारा माणसास कसा उमगला, त्यांत आपल्या देशाचा आणि आपल्या माणसांचा भाग कोणता, आणि त्यावरून आपल्या इतिहासाविषयीं काय म्हणतां येतें व काय म्हणतां येत नाहीं, हें येथें सांगावयाचें आहे.

या वर्षावास विश्वकिरण असें म्हणतात. नांवांत किरण असले तरी ते प्रकाशाचे किरण नव्हत. ते अतिवेगानें धांवणारे सूक्ष्म विद्युत्भारित कण आहेत. त्यांतील बहुतेक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचे गाभे, असतात. वातावरणांत शिरतांच ते हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्या आघातांतून नव्या कणांची सर जन्मास येऊन ती जमिनीपर्यंत पोहोंचते. हीं अक्षरें वाचीत असतांनाहि तशा कणांपैकीं कित्येक वाचकाच्या शरीरांतून आरपार जात आहेत.

त्यांचा शोध लागला तो आकाशाकडे पाहून नव्हे, तर एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासांतून. विद्युत्भार दाखविणारें यंत्र कितीहि जपून बंद केलें तरी त्यांतील भार हळूहळू गळून जातो, असें शास्त्रज्ञांस आढळलें होतें. जमिनींतील किरणोत्सर्गी द्रव्यांमुळें तसें होत असावें, अशी समजूत होती. ती खरी असेल तर उंच जातांना ही गळती कमी व्हावयास हवी. ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यानें ७ ऑगस्ट १९१२ रोजीं बलूनमधून ५००० मीटरांहून अधिक उंची गांठली, तेव्हां त्यास गळती घटण्याऐवजीं वाढलेली आढळली. तेव्हां कारण खालीं नसून वर होतें. वर म्हटलें कीं प्रथम सूर्याचेंच स्मरण होणार. परंतु त्याच वर्षीं १७ एप्रिलला सूर्यग्रहण असतांना हेसनें बलूनमधून निरीक्षण केलें होतें. चंद्रानें सूर्यबिंबाचा मोठा भाग झांकला असतांहि किरणांत घट पडली नाहीं. यावरून त्यानें निष्कर्ष काढला कीं या किरणांचें मुख्य उगमस्थान सूर्य नव्हे. हा निष्कर्ष बरोबर ठरला, आणि १९३६ सालीं हेस यास नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें सूर्याचा आणि विश्वकिरणांचा संबंध संपला असें कोणासहि वाटलें असतें. तो पुन्हां जुळला, पण एका निराळ्याच वाटेनें. आणि त्या वाटेवरील एक महत्त्वाचा टप्पा आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर आहे.

मुंबईस कुलाब्याच्या टोकावर ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा बांधली. १८४१ पासून तेथें लोहचुंबकाच्या सुईचीं निरीक्षणें होऊं लागलीं. पृथ्वी हा स्वतःच एक मोठा चुंबक आहे. त्याच्या बलांत घडोघडीं होणारे बारीक बदल या सुया दाखवितात. हें काम जितकें नाजूक तितकेंच कंटाळवाणें. कारकुनानें ठरल्या वेळीं उठावें, आंकडा वाचावा, वहींत लिहावा, आणि पुढच्या ठरल्या वेळीं पुन्हां तेंच करावें. परंतु १८५९ च्या सप्टेंबरांत या कंटाळवाण्या कामाचें चीज झालें. १ सप्टेंबर रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हा सूर्यावरील डागांचें चित्र काढीत असतां एका डागसमूहापाशीं त्यास अकस्मात् पांढरा झगझगाट दिसला. एक दिवसहि पुरता लोटला नाहीं तोंच पृथ्वीवर सर्वत्र प्रचंड चुंबकीय वादळ उठलें, तारायंत्रें बिघडलीं, एरवीं ध्रुवप्रदेशांतच दिसणारी ज्योत पार दक्षिणेकडच्या देशांतहि दिसली. त्या वादळांत कुलाब्याच्या सुईनें घेतलेली उडी वहींत नोंदली गेली, आणि आज दीडशें वर्षांनंतरहि त्या वादळाचा जोर ठरवितांना जगांतील शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या आंकड्यांचाच आधार घेतात.

पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहामुळें सुया विचलित होणार, म्हणून नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस या संचालकांनीं हें काम अलिबागेस हलविलें. १९०४ पासून अलिबागेस निरीक्षणें सुरू झालीं. आणि कांहीं काळ दोन्हीं ठिकाणीं तीं एकदम चालूं ठेवून मूस यांनीं जुनी नोंद नव्या नोंदीशीं जोडून घेतली. या दूरदृष्टीमुळें मुंबई-अलिबागची ही नोंद जगांतील अत्यंत दीर्घ व सलग नोंदींपैकीं एक ठरली आहे. सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या आवर्तनानें वाढतात आणि घटतात, आणि डाग वाढले कीं चुंबकीय वादळेंहि वाढतात, हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच युरोपांत उघड झालें होतें. सूर्याचा हात पृथ्वीच्या चुंबकापर्यंत पोहोंचतो, एवढें तेव्हां ठरलें. परंतु मध्यें नऊ कोटी तीस लक्ष मैलांची पोकळी. तींतून तो हात पोहोंचतो कसा, हें मात्र कोडेंच राहिलें.

या कोड्याचा दुसरा धागा अमेरिकेच्या स्कॉट फोर्बुश यानें उकलला. विश्वकिरण मोजण्याचीं एकसारखीं यंत्रें ग्रीनलंडपासून न्यूझीलंडपर्यंत निरनिराळ्या देशांत बसविलेलीं होतीं, आणि तीं अहोरात्र नोंद करीत होतीं. १९३७ च्या एप्रिलमध्यें एक चुंबकीय वादळ झालें. त्या वेळीं अमेरिकेंतील मेरीलंड व दक्षिण अमेरिकेंतील पेरू या एकमेकांपासून हजारों मैल दूर असलेल्या ठिकाणीं विश्वकिरणांचें प्रमाण एकदमच खालीं घसरलें, आणि मग कांहीं दिवसांनीं हळूहळू पूर्वपदावर आलें. अशा घसरणीस आज फोर्बुशचेंच नांव आहे. फोर्बुश तेथेंच थांबला नाहीं. १९३७ ते १९५२ पर्यंतच्या नोंदी घेऊन, ऋतूंचे व हवेच्या दाबाचे परिणाम वजा करून, १९५४ सालीं त्यानें दाखविलें कीं सूर्यावर डाग वाढतात त्या वर्षीं विश्वकिरण घटतात आणि डाग घटतात त्या वर्षीं ते वाढतात. हेसनें सूर्यास जनकत्वांतून मुक्त केलें होतें. फोर्बुशनें त्यास द्वारपाल म्हणून पुन्हां आणून उभें केलें.

हा नियम सरसकट नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. कधीं कधीं सूर्यावरील मोठ्या उद्रेकांत सूर्य स्वतःच वेगवान कण फेंकतो, आणि त्या वेळीं विश्वकिरणांची नोंद कांहीं वेळ एकदम वर जाते. १९४२ च्या फेब्रुवारींत व मार्चमध्यें, १९४६ च्या जुलैमध्यें आणि १९४९ च्या नोव्हेंबरांत असें घडल्याचें फोर्बुशच्याच यंत्रांनीं दाखविलें. पहारेकरी स्वतःच क्वचित् दगड भिरकावतो, असें म्हणावें. परंतु असे प्रसंग विरळ असून दीर्घकाळाचा हिशेब घेतां सूर्याचें काम अडविण्याचेंच ठरतें.

याच वर्षांत आपल्या देशांतहि या विद्येचा पाया घातला जात होता. १९३९-४० च्या हिंवाळ्यांत अमेरिकेचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ मिलिकन हे नेहर व पिकरिंग यांच्यासह हिंदुस्थानांत आले आणि पेशावर, आग्रा व बंगलोर येथून त्यांनीं बलून सोडले. हिंदुस्थानच निवडण्याचें कारण असें कीं, विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या चुंबकाचा अडथळा फार प्रबळ असतो, त्यामुळें येथें येणारे कण विशेष शक्तिमानच असले पाहिजेत. म्हणजे आपला देश हीच या कणांस गाळून घेणारी एक चाळणी आहे. मुंबईचे होमी भाभा युद्धामुळें इंग्लंडास परतूं शकले नाहींत. त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत विश्वकिरणांचा विभाग उभारला, आणि १९४५ च्या डिसेंबरांत मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्यांत टाटा मूलभूत संशोधनसंस्थेचें उद्घाटन झालें. त्याच बंगलोरांत रामन यांच्या हाताखालीं विक्रम साराभाई काम करीत होते. किरणांच्या शक्तीपेक्षां त्यांच्या काळागणिक होणाऱ्या चढउतारांकडे साराभाईंचें लक्ष अधिक होतें. १९४७ सालीं अहमदाबादेस स्थापन झालेल्या भौतिकी संशोधनशाळेंत त्यांनीं हाच विषय मुख्य केला. तेथील त्यांच्या प्रारंभींच्या सहकाऱ्यांत रा. पु. काणे हे होते. विश्वकिरणांच्या दैनिक चढउतारांत जगभर दिसणाऱ्या सूर्याच्या परिणामाविषयीं साराभाई व काणे यांचा निबंध १९५३ सालीं, म्हणजे फोर्बुशच्या त्या विख्यात निबंधाच्या आदल्या वर्षीं, अमेरिकेंतील एका अग्रगण्य नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. कोल्हापुरास जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस (१९२५–२०२५) हेहि याच शाळेंत विश्वकिरणांच्या अभ्यासापासून आरंभ करून पुढें साराभाईंबरोबर भारतीय अंतराळकार्याच्या उभारणींत पडले. अग्निबाण सोडण्यासाठीं थुंब्याची जागा शोधणाऱ्यांत चिटणीस होते, हें बहुतेकांस ठाऊक असतें. त्याची वाट विश्वकिरणांच्या नोंदवहींतून गेली, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

आतां मूळ कोड्याकडे वळूं. सूर्याचा हात इतक्या दूरवर पोहोंचतो कसा? याचें उत्तर १९५८ सालीं यूजीन पार्कर यानें दिलें. सूर्याभोंवतींचा तप्त वायु स्थिर बसूं शकत नाहीं. तो सर्व दिशांनीं सतत वाहत असतो, आणि दर सेकंदास चारपांचशें किलोमीटर वेगानें पृथ्वीवरून पुढें जातो. यास सौरवात असें नांव मिळालें. हा वारा आपल्याबरोबर सूर्याचें चुंबकत्वहि घेऊन जातो; सूर्य स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें त्या चुंबकत्वाच्या रेषा चक्राकार वळत जातात. बाहेरून आंत येणाऱ्या विद्युत्भारित कणास या वळलेल्या व गुंतलेल्या रेषांतून ठेंचाळत, प्रवाहाविरुद्ध, वाट काढावी लागते. सूर्य क्षुब्ध असला कीं गुंता वाढतो आणि दुबळे कण बाहेरच अडतात; सूर्य शांत असला कीं वाट मोकळी होते. एखाद्या उद्रेकांतून द्रव्याचा मोठा लोट निघाला तर तो पुढें सरकणाऱ्या पडद्यासारखें काम करतो आणि फोर्बुशची घसरण दिसते. ही घसरण पृथ्वीच्या चुंबकामुळें होत नाहीं, याचा पुरावा १९६० सालीं पायोनियर-५ या यानानें पृथ्वीपासून दूर अंतराळांत तीच घसरण मोजून दिला. आणि २०१२ च्या ऑगस्टमध्यें व्हॉयेजर-१ हें यान सौरवाताची हद्द ओलांडून पलीकडे गेलें, तेव्हां त्यास विश्वकिरणांचा जोर एकदम वाढलेला आढळला. पहाऱ्याची चौकी कोठें संपते, हें त्या दिवशीं मनुष्यानें प्रथम मोजलें.

आपल्या औंधच्या आकाशांत मात्र या पहाऱ्याचा परिणाम सौम्यच दिसतो, आणि त्याचें कारण मौजेचें आहे. तेथें एकामागें एक असे दोन पहारे आहेत. औंध साडेसतरा अंशांच्या आसपासच्या अक्षांशावर आहे. तेथें पृथ्वीचा चुंबक सुमारें १६-१७ अब्ज व्होल्टांहून कमी शक्तीच्या कणांस सरळ वरून येऊंच देत नाहीं. सूर्य ज्या दुबळ्या कणांस अडवितो, त्यांस येथें पृथ्वीनेंच आधीं अडविलेलें असतें. म्हणून ध्रुवांकडील यंत्रांत अकरा वर्षांच्या आवर्तनांत विश्वकिरणांच्या नोंदींत शेंकडा वीसपर्यंत चढउतार दिसतो, तर आपल्याकडे तो शेंकडा थोडासाच असतो. परंतु हा दुसरा पहाराहि अभेद्य नाहीं. २२ जून २०१५ रोजीं सूर्यापासून आलेला द्रव्याचा एक लोट पृथ्वीवर आदळला, तेव्हां उटकमंड येथील टाटा संस्थेच्या यंत्रसमूहानें सुमारें दोन तास म्यूऑन कणांची एकाएकीं झालेली वाढ नोंदली. पृथ्वीची चुंबकीय ढाल तेवढा वेळ दुबळी झाली होती आणि एरवीं परत फिरणारे कण आंत शिरले, असा अर्थ त्या संशोधकांनीं लाविला.

येथपर्यंतचा इतिहास हा यंत्रांच्या नोंदींचा झाला. परंतु यंत्रें नव्हतीं तेव्हांहि विश्वकिरण येतच होते, आणि त्यांची नोंद झाडें ठेवीत होतीं. विश्वकिरणांच्या आघातानें हवेंतील नायट्रोजनपासून चौदा भाराचा किरणोत्सर्गी कार्बन तयार होतो. तो कर्बवायूच्या रूपानें झाडांत शिरतो आणि प्रत्येक वर्षाच्या वलयांत त्या वर्षाचा साठा कायम राहतो. याच रीतीनें बेरिलियमचा एक प्रकार तयार होऊन तो ध्रुवप्रदेशाच्या बर्फाच्या थरांत सांठतो. असे पदार्थ पावसाच्या पाण्यांत व समुद्रतळाच्या गाळांत शोधून काढण्याच्या कामांत १९५० नंतरच्या दशकांत मुंबईच्या टाटा संस्थेंतील देवेंद्र लाल, बर्नार्ड पीटर्स व त्यांचे सहकारी जगांत आघाडीवर होते. सूर्य शांत तर कार्बन अधिक, सूर्य क्षुब्ध तर कार्बन कमी. एवढी किल्ली हातीं असली म्हणजे जुन्या खोडांतून सूर्याची बखर वाचतां येते.

आणि ती वाचतां वाचतां आपण औंधच्याच दारीं येऊन उभे राहतों. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ दिसलेच नाहींत. त्या काळीं दुर्बिणी होत्या आणि पॅरिससारख्या वेधशाळांतील निरीक्षक दक्षहि होते. तेव्हां हा निष्काळजीपणाचा परिणाम नव्हे. एडवर्ड माँडर यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गोष्टीकडे लक्ष वेधलें, आणि १९७६ सालीं जॉन एडी यानें झाडांच्या वलयांतील कार्बनाची साक्ष काढून तिला बळकटी आणली. त्या काळच्या लांकडांत किरणोत्सर्गी कार्बनाचें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास वाढलेलें आहे. आतां या सत्तर वर्षांवर महाराष्ट्राचा इतिहास मांडून पाहा. शिवछत्रपतींच्या स्वराज्यसंस्थापनेचा उद्योग, १६७४ चा राज्याभिषेक, औरंगजेबाची दक्षिणेंतील स्वारी, राजाराममहाराजांचें जिंजीचें प्रयाण, ताराबाईंचा लढा, १७०८ चें शाहूमहाराजांचें साताऱ्यास सिंहासनारोहण, हें सर्व त्या सत्तर वर्षांत बसतें. किन्हईच्या कुळकर्ण्यांच्या घरांतील परशुराम त्रिंबक (१६६०–१७१८) हे याच काळांत पुढें आले, पन्हाळा परत घेण्याच्या कामीं त्यांनीं नांव मिळविलें, आणि प्रतिनिधिपद त्यांच्या घराण्यांत आलें. औंधच्या घराण्याचे मूळपुरुष तेच. म्हणजे सूर्यनमस्कारांचें व्रत पुढें ज्या घरानें चालविलें, तें घर सूर्य अत्यंत शांत असतांना उदयास आलें.

या योगायोगापाशीं लेखकानें अत्यंत सावध झालें पाहिजे. सूर्य निस्तेज झाला म्हणून मोंगलांचें राज्य खचलें, अथवा विश्वकिरण वाढले म्हणून मराठे जागे झाले, असें लिहिणें सोपें आहे आणि ऐकावयास गोडहि लागेल. परंतु तसा पुरावा तिळमात्र नाहीं. त्या सत्तर वर्षांत जें घडलें तें मनुष्यांनीं घडविलें. त्याचीं कारणें पत्रांत, करारांत, मोहिमांत व महसुलाच्या कागदांत शोधावयाचीं आहेत, सूर्यबिंबावर नव्हे.

हा इशारा केवळ तात्त्विक नाहीं. या मोहाची किंमत माणदेश-खटावसारख्या अवर्षणाच्या प्रदेशास प्रत्यक्ष मोजावी लागली असती. १८७६ ते १८७८ या काळांत दख्खनेंत भीषण दुष्काळ पडला. १८७७ सालीं नॉर्मन लॉकियर हा ज्योतिर्विद आणि विल्यम हंटर हा सरकारी आंकडेशास्त्रज्ञ यांनीं मिळून प्रतिपादन केलें कीं सूर्यावरील डाग कमी झाले म्हणजे पाऊस कमी पडतो आणि दुष्काळ येतो. १८७८ सालीं डाग खरोखरच अगदीं कमी होते, त्यामुळें हें मत अनेकांस पटलें. परंतु पुढील दुष्काळांशीं तें ताडून पाहावें. १८९९ सालीं पाऊस गेला तेव्हां डागांची मंदी जवळ होती, हें खरें. पण १९१८ सालीं पाऊस गेला तेव्हां डागांचा भर नुकताच होऊन गेलेला होता, आणि १९७२ सालीं तो गेला तेव्हां डाग ना भरांत होते ना मंदींत. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीं जगभरच्या आंकड्यांची छाननी केली, तेव्हां डागांपासून पावसाचा भरंवशाचा अंदाज मिळेना. उलट प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाचा हेलकावा हाच अधिक महत्त्वाचा दिसूं लागला, आणि १८७७ च्या अवर्षणाचा संबंधहि आज त्याच्याशीं जोडला जातो. अलीकडे विश्वकिरणांमुळें ढग वाढतात व त्यांतून पृथ्वीचें तापमान बदलतें, असेंहि एक मत पुढें आलें. जिनीव्हाच्या प्रयोगशाळेंत त्याची परीक्षा झाली. कणांमुळें हवेंत सूक्ष्म बीजें तयार होण्यास मदत होते हें खरें, परंतु सध्यांच्या तापमानवाढीचें कारण होण्याइतका हा परिणाम मोठा नाहीं, असें त्या प्रयोगांवरून दिसतें. दुष्काळाचा बोजा सूर्यावर टाकला कीं तळें बांधण्याची, धान्य साठविण्याची आणि सारा सोडण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं; हाच या मोहांतला खरा धोका.

मग इतिहासाच्या अभ्यासकास या सर्वांचा कांहींच उपयोग नाहीं काय? आहे, आणि तो फार मोठा आहे. मात्र तो कारणांत नसून कालमापनांत आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन करून महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचीं घरें उजेडांत आणलीं. अशा स्थळांचा काळ जळक्या लांकडांतील व धान्यांतील किरणोत्सर्गी कार्बनावरून ठरतो, आणि अशीं मापनें मुंबईच्या टाटा संस्थेंत व पुढें अहमदाबादेस होऊं लागलीं. परंतु हें मापन आरंभीं एका गृहीतावर उभें होतें: हवेंतील असा कार्बन सर्वकाळ सारखाच होता. विश्वकिरणांत फेरबदल होतात म्हणतांच तें गृहीत ढांसळलें. पृथ्वीच्या चुंबकाचें बल शतकानुशतकें बदलतें, त्यामुळें मोठी चूक होते. सूर्याच्या चढउतारांमुळें तींत बारीक वांकडेपणा येतो. तीन हजार वर्षांपूर्वींचा म्हणून सांगितलेला काळ, वर्षावलयांवरून दुरुस्ती केल्यावर, सुमारें दोनशें वर्षें मागें जातो. दोनशें वर्षें म्हणजे कितीएक पिढ्या! इनामगांवच्या कोणत्या घराण्यानंतर कोणतें आलें, हें ठरविण्यास सूर्याचा पहारा किती कडक होता, हें ठाऊक असणें म्हणूनच अगत्याचें आहे.

कधीं कधीं तर हीच चूक खूण होऊन बसते. इ. स. ७७४-७५ च्या वलयांत किरणोत्सर्गी कार्बन एकाएकीं शेंकडा एकाहून अधिक वाढल्याचें जपानांतील संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें, आणि पुढें तें जगांत सर्वत्र आढळलें. सूर्यानेंच कणांचा एक प्रचंड मारा केला असावा, असें आज बहुतेक मानतात. त्या सुमारास महाराष्ट्रावर राष्ट्रकूटांचें राज्य होतें, आणि वेरूळच्या कैलासाशीं ज्याचें नांव जोडलें जातें त्या पहिल्या कृष्णाची कारकीर्द संपत आली होती. त्या काळचें एखादें लांकूड पुढेंमागें सांपडलें, तर त्या एका वलयावरून त्याचें वर्षहि नक्की सांगतां येईल.

बाळासाहेब पंतप्रतिनिधींची आणखी एक आठवण सांगून हें लेखन पुरें करतों. १९१८ सालीं पुण्याच्या भांडारकर संस्थेकडे त्यांनीं महाभारताच्या सचित्र व शुद्ध आवृत्तीची कल्पना मांडली आणि एक लक्ष रुपयांचें अभिवचन दिलें. चित्रांची हौस त्यांची होती. परंतु संस्थेंतील पंडितांनीं हातीं घेतलेलें काम अधिक कठोर होतें. निरनिराळ्या लिपींतील शेंकडों पोथ्या गोळा करावयाच्या, प्रत्येक श्लोकाचीं पाठांतरें मांडावयाचीं, आणि जो पाठ साक्षींनीं सिद्ध होईल तोच ठेवावयाचा, मग आवडता श्लोक गाळावा लागला तरी बेहत्तर. तें काम १९६६ सालीं पुरें झालें. सूर्याची बखर वाचणाऱ्यांची रीतहि हीच आहे. एक पोथी कुलाब्याच्या वहीची, दुसरी फोर्बुशच्या यंत्राची, तिसरी झाडाच्या वलयांची, चौथी ध्रुवाच्या बर्फाची. चारीं जुळलीं तेथें पाठ पक्का, न जुळलीं तेथें थांबणें.

औंधच्या शाळांतील मुलें सूर्याचीं बारा नांवें घेऊन नमस्कार घालीत. आपण जगतों तें सूर्य देतो म्हणून, हें त्यांस शिकविलेलें होतें. तो अडवितो म्हणूनहि पुष्कळ टळतें, हें आज त्यांच्या नातवंडांस शिकवितां येईल. आणि तें कोणी शोधलें, असें त्यांनीं विचारल्यास, मोठमोठ्या नांवांबरोबर कुलाब्याच्या टोकावर ठरल्या वेळीं उठून सुईचा आंकडा वहींत लिहिणाऱ्या त्या अनामिक कारकुनाचाहि उल्लेख करावा.